घरची शाळा आणि पेस्टालॉझी

ज्या घरात अडीच-तीन वर्षांचे मूल आहे, त्या घरात हल्ली एक चिंता ठाण मांडून बसलेली दिसते. मुलास शाळेत केव्हा घालावे, कोणत्या शाळेत घालावे, आणि तेथे प्रवेश मिळेपर्यंत त्याचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून घरी काय शिकवावे, ही ती चिंता होय. तिच्यापुढे आईबापांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष मुलाचा हात शिक्षिकेच्या हाती देऊन मोकळा होतो आणि शिक्षण ही पैसे मोजून विकत घेण्याची वस्तू आहे असे मानतो. दुसरा पक्ष घरातच शाळा थाटतो. भिंतीवर वेळापत्रक लावतो, सकाळी अक्षरे, दुपारी अंक, सायंकाळी इंग्रजी शब्द असा रतीब घालतो, आणि मूल कंटाळले म्हणजे त्याच्या बुद्धीविषयी शंका घेऊ लागतो. हे दोन्ही पक्ष वरून परस्परविरुद्ध भासले तरी त्यांच्या बुडाशी समजूत एकच आहे, आणि ती ही की शिक्षण म्हणजे पुस्तकातील मजकूर मुलाच्या डोक्यात उतरविणे. या समजुतीशी ज्याने सारे आयुष्य झुंज घेतली, आणि त्या झुंजीतील पहिली हार स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच मुलापुढे खाल्ली, त्या योहान हाइन्रिख पेस्टालॉझीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पेस्टालॉझीचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. बाप शस्त्रवैद्य होता. मुलगा पाच वर्षांचा असतानाच तो वारला आणि मागे विधवा, तीन मुले व बेताची मिळकत एवढेच राहिले. मृत्युशय्येवर त्याने घरातील मोलकरणीस जवळ बोलावून, या कुटुंबास सोडून जाऊ नकोस अशी विनंती केली. बाबेली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खेडवळ बाईने दिलेला शब्द जन्मभर पाळला. बाजार उठण्याच्या वेळी भाजी स्वस्त मिळते म्हणून ती त्या वेळी बाजारास जाई. कपडे व जोडे झिजू नयेत म्हणून मुलांस विनाकारण बाहेर पडू देत नसे. आणि इतके करूनही घराची अब्रू व शेजाऱ्यापाजाऱ्यांशी असलेला रीतभात तिने कमी होऊ दिला नाही. या बाईस शिक्षणशास्त्र ठाऊक नव्हते. तथापि काटकसर, वचनपालन आणि निष्ठा यांचे पाठ त्या पोराने तिच्या रोजच्या वागण्यातूनच घेतले. सुटीत तो खेड्यातील आपल्या आजोबांकडे जाई. ते धर्मोपदेशक होते व गोरगरिबांच्या घरी विचारपूस करण्यास जाताना नातवास बरोबर नेत. श्रीमंत शहर आणि त्याच्या वेशीबाहेरची दैन्यावस्था यांतील अंतर त्या वयातच त्याच्या मनावर कोरले गेले.

तरुणपणी तो झुरिकच्या विद्यालयात बोडमर या अध्यापकाच्या प्रभावाखाली आला. बोडमरभोवती देशाभिमानी तरुणांचे एक मंडळ जमले होते. साधे राहावे, अन्यायाचा पाठपुरावा करावा, अधिकाऱ्यांची लाचखाऊ कृत्ये उघडकीस आणावी, असे त्यांचे व्रत होते. त्यांनी एक साप्ताहिकही चालविले. पुढे सरकारने ते बंद पाडले आणि १७६७ मध्ये खुद्द पेस्टालॉझीस थोडे दिवस अटकेत राहावे लागले. प्रथम त्याने धर्मोपदेशकाचा अभ्यास आरंभिला. तो सोडून, गरिबांस न्याय मिळवून द्यावा या हेतूने कायद्याकडे वळला. परंतु सरकारच्या डोळ्यांवर आलेल्या तरुणास त्या मार्गाने वर चढण्याची आशा उरली नव्हती. त्यातच रूसोचा १७६२ साली प्रसिद्ध झालेला ‘एमिल’ हा ग्रंथ त्याच्या मनात घर करून बसला होता. तेव्हा पुस्तके बाजूस सारून शेती करावी व शेतकऱ्यांत राहूनच त्यांचे कल्याण साधावे, असे त्याने ठरविले. वकिलीच्या धंद्याने एक मनुष्य गमावला आणि शिक्षणाने एक आचार्य मिळविला, असे आता मागे वळून पाहता म्हणता येते. त्या वेळी मात्र लोकांस तो एक हाती घेतलेले काम अर्धवट टाकणारा भ्रमिष्ट पोरगा वाटला.

आरगाऊ प्रांतातील बिर या गावाजवळ त्याने जमीन घेतली व तेथे नॉयहोफ नावाचे घर बांधले. १७६९ मध्ये आना शुल्टेस या सुशिक्षित, संपन्न घरातील मुलीशी त्याचा विवाह झाला. ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी होती आणि तिच्या आईबापांस हा संबंध मुळीच पसंत नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांस मुलगा झाला. रूसोच्या नावावरून त्याचे नाव याकोब ठेवण्यात आले. या एकुलत्या एका मुलास कोणत्याही शाळेत न घालता घरीच, निसर्गाच्या नियमानुसार वाढवावयाचे, असा बापाचा संकल्प होता.

१७७४ च्या आरंभी, मुलगा साडेतीन वर्षांचा असताना, पेस्टालॉझीने त्याच्या शिक्षणाची दैनंदिनी लिहिली. ती आजच्या प्रत्येक आईबापाने वाचावी अशा योग्यतेची आहे. एके दिवशी बाप मुलास ओढ्याकाठी नेतो, पाणी डोंगरावरून खाली कसे वाहत जाते ते दाखवितो, आणि मूल आनंदाने तेच पुनःपुन्हा बोलू लागते. दुसऱ्या दिवशी तोच बाप त्यास घरात बसवून अक्षरे, अंक व लॅटिन शब्द घोकविण्याचा हट्ट धरतो. मूल टाळाटाळ करते, बाप चिडतो व शिक्षा करतो. मुलास अंकांची नावे येतात पण त्या नावांचा अर्थ कळत नाही, हे ध्यानात येताच तो स्वतःसच दोष देतो आणि अर्थावाचून शब्द मुलाच्या तोंडी घातल्याबद्दल हळहळतो. कधी स्वातंत्र्याचे तत्त्व वरचढ, तर कधी शिस्तीचे. आज मोकळीक, उद्या सक्ती. तत्त्वांच्या या ओढाताणीत सापडलेल्या मुलाचा हात धरून सावकाश चालणारे कोणी उरले नाही. पुढे तो मुलगा अकरा वर्षांचा झाला तरी त्यास धड लिहिता-वाचता येत नव्हते. त्यास अपस्माराचे झटके येऊ लागले. व्यापार शिकण्यासाठी त्यास बाझल शहरी धाडण्यात आले, पण तेथेही त्याची प्रकृती टिकली नाही. १८०१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो वारला. युरोपास बालशिक्षण शिकविणाऱ्या पुरुषाचे हे घरचे दुःख होते. रोग तर कोणाच्याच हातचा नव्हता. परंतु बालकाकडे पाहण्याऐवजी ग्रंथाकडे पाहून बालक वाढवू गेल्यास काय होते, याचा धडा मात्र पेस्टालॉझीने येथेच घेतला.

त्याच सुमारास त्याची शेतीही बुडाली. तेव्हा स्वतः कर्जात असताना त्याने १७७४ पासून भिकाऱ्यांची व अनाथांची मुले घरात आणण्यास प्रारंभ केला. मुलांनी सूत कातावे, कापड विणावे, शेतात राबावे आणि काम करता करता वाचन-गणित शिकावे, अशी योजना होती. तिच्यातील उदात्तता जेवढी मोठी होती, तेवढेच त्याचे व्यवहारज्ञान तोकडे होते. १७८० मध्ये ही संस्था बंद पडली. पत्नीचा पैसा त्यात गेला आणि मित्रांचा विश्वासही आटला. अशा वेळी एलिझाबेथ नेफ नावाची एक साधी बाई त्या उजाड घरात कामास आली. तिने घर झाडले, बाग पुन्हा लावली, स्वयंपाक व हिशेब मार्गी लावला आणि बुडते कुटुंब तारले. बालपणी बाबेली आणि आता ही एलिझाबेथ, अशा दोन अशिक्षित स्त्रियांनी त्यास जे दाखविले ते रूसोच्या ग्रंथात नव्हते. सुव्यवस्थित घर ही स्वतःच एक पाठशाळा आहे, हा शोध त्यास ग्रंथालयात लागला नाही; केर काढलेल्या ओसरीवर लागला.

या शोधातून १७८१ मध्ये ‘लीनहार्ट आणि गेर्ट्रूड’ या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला व पेस्टालॉझीचे नाव सर्वतोमुखी झाले. लीनहार्ट हा गवंडी, दारूच्या गुत्त्यात अडकलेला. गेर्ट्रूड ही त्याची बायको, मुलांची माता व घराचा आधार. तिच्या खोलीत मुले चाती फिरवीत सूत कातीत असतात आणि कातता कातताच शिकत असतात. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती पावले पडतात ते ती मोजावयास लावते. खिडकीतील पाच-पाच तावदानांच्या दोन ओळींवरून दहाची पद्धत समजावून देते. सुताचे धागे व फाळक्याचे फेरे मोजण्यात बेरीज-वजाबाकी आपोआप येते. शेजारच्या बिनआईच्या मुलांसही ती आपल्याच मुलांत सामावून घेते. पुढे गावात नवी शाळा काढावयाची ठरते, तेव्हा होऊ घातलेला शिक्षक ती शाळा कशी चालवावी हे पाहण्यास गेर्ट्रूडच्या खोलीत येतो. आमच्याकडे घराने शाळेची नक्कल करावी असा प्रघात पडत चालला आहे. पेस्टालॉझीच्या कादंबरीत शाळा घराची शिष्या होते.

परंतु मातेचे गोडवे गाऊन तिच्याच शिरावर सर्व भार टाकणाऱ्यांपैकी पेस्टालॉझी नव्हता. १७८३ मध्ये त्याने कायदे आणि बालहत्या या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेणाऱ्या अविवाहित मातांस त्या काळी देहान्ताची शिक्षा होई. पेस्टालॉझीने अशा खटल्यांचा अभ्यास करून असे प्रतिपादिले की, फसवून सोडून जाणारा पुरुष, अब्रूच्या नावाखाली छळणारा समाज, दारिद्र्य आणि निर्दय कायदा हे त्या गुन्ह्याचे खरे भागीदार आहेत. तो थांबवावयाचा असेल तर फाशीपेक्षा या कारणांचा बंदोबस्त करावा. कायद्याचा अर्धवट सोडलेला अभ्यास अशा रीतीने फळास आला. ज्या समाजात मातेस आश्रय नाही, अन्न नाही, मान नाही, तेथे तिने मुलास उत्तम शिक्षण द्यावे असा उपदेश करणे ही तिची थट्टा होय, हे त्याने ओळखले होते.

१७९२ मध्ये फ्रान्सच्या विधिसभेने त्यास सन्माननीय नागरिकत्व दिले. पण क्रांतीचे दुसरे रूपही त्यास लौकरच पाहावे लागले. सप्टेंबर १७९८ मध्ये स्वित्झर्लंडच्या निडवाल्डन भागातील लोकांनी फ्रेंचांच्या आश्रयाने आलेल्या नव्या राज्यघटनेविरुद्ध बंड केले. फ्रेंच सैन्याने ते रक्तपात करून मोडले आणि शेकडो माणसे मारली गेली. मागे राहिलेल्या अनाथ मुलांसाठी स्टान्स येथील एका मठात आश्रम काढण्याचे ठरले व जानेवारी १७९९ मध्ये पेस्टालॉझीने तो सुरू केला. वय त्रेपन्न, मदतीस एक घरकामकरीण, आणि समोर सुमारे ८० मुले. कोणी खरजेने पिडलेली, कोणी भीक मागण्यास सोकावलेली, कोणी भयाने मुकी झालेली. तो त्यांच्याबरोबर जेवे, त्यांच्यातच निजे, आजाऱ्यांची शुश्रूषा करी. पाठ्यपुस्तके नव्हती, वर्ग नव्हते. प्रथम मुलांचे पोट भरावे व त्यांचा विश्वास मिळवावा. मग एकमेकांस मदत करण्याची सवय लावावी. आणि त्यानंतरच त्या सवयीस शब्द द्यावा, हा त्याचा क्रम होता. थोड्याच महिन्यांत मुलांची मुद्रा पालटली. पण जूनमध्ये फ्रेंच सैन्यास रुग्णालयासाठी जागा पाहिजे झाली आणि आश्रम मोडला. काम अवघे पाच महिने चालले. तरी घरातील आपुलकी शाळेत आणता येते, हे तेथे सिद्ध झाले.

त्यानंतर तो बुर्गडॉर्फ येथे गेला. तेथील गरिबांच्या शाळेवर एक चांभार मास्तर होता. धर्मप्रश्नोत्तरीची घोकंपट्टी बाजूस ठेवणारा हा म्हातारा आपल्या मुलांवर प्रयोग करतो, अशी तक्रार झाली व पेस्टालॉझीस तेथून निघावे लागले. मग त्यास पाच ते आठ वर्षांच्या मुलांची शाळा मिळाली. मोठमोठ्या योजना आखणाऱ्या या पुरुषाचे खरे यश या चिमुरड्यांच्या वर्गात उदयास आले. तेथे त्याने जुन्या भिंतीच्या फाटक्या कागदाकडे बोट दाखवून मुलांस काय दिसते ते सांगावयास लाविले. भोक कोठे आहे, लांबट की वाटोळे, त्यामागे काय दिसते, अशी वाक्ये मुले पाहून पाहून रचीत. वाटाणे, खडे व काड्या यांनी ती मोजावयास शिकत. १८०० च्या वसंतात शाळासमितीने परीक्षा घेतली आणि इतक्या लहान मुलांची प्रगती पाहून त्यास मोकळ्या मनाने शाबासकी दिली.

१८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेर्ट्रूड आपल्या मुलांस कशी शिकविते’ या पत्ररूप ग्रंथात त्याने आपली पद्धती मांडली. तिचा गाभा आटोपशीर आहे. कोणतीही वस्तू समोर आली की मुलास तीन गोष्टी कळाव्या: त्या किती आहेत, त्यांचा आकार कसा आहे, आणि त्यांस नाव काय. संख्या, आकार व भाषा हेच प्रारंभीचे विषय. आधी वस्तू, मग शब्द. आधी जवळचे, मग दूरचे. आधी सोपे, मग अवघड. आणि एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर पाऊल नाही. बुद्धी, अंतःकरण आणि हात या तिहींची वाढ बरोबरीने झाली पाहिजे. या अभ्यासक्रमास लागणारे साहित्य प्रत्येक झोपडीत आहे. त्याचे वेळापत्रक घरच्या कामाबरोबर सरते-मागे येते, आणि मूल ज्या दिवशी ज्या पायरीवर असेल त्या पायरीवरूनच तो पुढे चालतो.

येथेच एक सावधगिरीची खूण आहे आणि ती लपविणे चरित्रकारास शोभणार नाही. १८०३ मध्ये पेस्टालॉझीच्या नावाने ‘मातांचे पुस्तक’ निघाले. ते बहुतांशी त्याचा सहकारी क्रूझी याने लिहिले होते. त्यात मातेने मुलास त्याच्या शरीराचे अवयव एकामागून एक, त्यांच्या जागा व परस्परसंबंध यांसह सांगत जावे, असे पानेच्या पाने योजिले होते. जे सहज व्हावयाचे ते पाठ झाले, आणि घोकंपट्टीविरुद्ध निघालेली पद्धतीच नव्या घोकंपट्टीत शिरली. लोकांनी त्या पुस्तकाची थट्टा केली व ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. लवचिकपणा हा गेर्ट्रूडच्या पद्धतीचा प्राण होता. छापील क्रमात तिला आवळताच तो प्राण गेला. घरच्या शिक्षणाचे तयार तक्ते विकत घेणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

१८०५ पासून इव्हर्डन येथील किल्ल्यात त्याची संस्था नांदू लागली व सर्व युरोपाचे डोळे तिकडे लागले. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा चुराडा केला, तेव्हा फिख्टे या तत्त्ववेत्त्याने फ्रेंचांच्या ताब्यातील बर्लिन शहरी दिलेल्या व्याख्यानांत राष्ट्राच्या पुनरुत्थानाचा मार्ग म्हणून पेस्टालॉझीच्या शिक्षणाकडे बोट दाखविले, आणि प्रशियाच्या सरकारने आपले तरुण शिक्षक इव्हर्डनला धाडले. जित राष्ट्राने आपली सुटका लहान मुलांच्या शिक्षणात शोधावी, ही गोष्ट पारतंत्र्य भोगलेल्या आपल्या देशास विशेष मननीय आहे. पुढे बालोद्यानाची कल्पना काढणारा फ्रोबेल १८०८ ते १८१० या काळात तेथे राहून शिकला. ग्रीव्हज नावाच्या इंग्रज गृहस्थास पेस्टालॉझीने बालसंगोपनावर लिहिलेली पत्रे १८२७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. मुलाचे शिक्षण जन्मापासून, मातेच्या मांडीवर सुरू होते, हा त्यांचा विषय होता.

परंतु कीर्तीबरोबर कलहही आला. सहकाऱ्यांत दोन तट पडले; १८१५ च्या अखेरीस पत्नी आना वारली; आणि १८२५ मध्ये संस्था बंद करून ऐंशीच्या घरात आलेला पेस्टालॉझी नॉयहोफला परतला. तेथे त्याने शेवटचा ग्रंथ लिहिला व त्यात पुन्हा घरच्या खोलीचेच माहात्म्य गायिले. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग या गावी त्याचा अंत झाला आणि बिर येथील शाळेजवळ त्यास मूठमाती देण्यात आली. शेती बुडाली, आश्रम मोडला, संस्था मिटली, पुत्र अकाली गेला. तरी ज्या ज्या ठिकाणी आज मूल खड्यांनी मोजावयास शिकते, तेथे तेथे पेस्टालॉझी जिवंत आहे.

या चरित्रापासून आमच्या घरांनी घ्यावयाचा बोध सोपा आहे. वाटाण्याच्या शेंगा सोलताना दाणे मोजावे, पोळीचा गोल व ताटाचा गोल ताडून पाहावा, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावाव्या, अंगणातील झाडास नाव विचारावे व सांगावे, आणि हे सर्व मुलाच्या मातृभाषेत करावे. मूल उठून गेले तर त्यास जाऊ द्यावे. उद्याही घर तेथेच आहे. यात बापाचा वाटा आईइतकाच असला पाहिजे. पेस्टालॉझीच्या काळी बाप तत्त्वे सांगत आणि बायका घर सावरीत. ती वाटणी आज चालू ठेवण्याचे कारण नाही.

तथापि जिच्या घरी सोलावयास शेंगा नाहीत, जी पहाटे मजुरीस जाते व अंधारात परतते, तिने काय करावे? येथे व्यक्तीचे कर्तव्य संपून राष्ट्राचे सुरू होते. तारा मोडक यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे बालवाडी गरिबांच्या अंगणातच नेऊन ही वाट दाखविली, आणि १९७५ पासून देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. पण कायद्याकडे पाहावे तर २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस. सहा वर्षांखालील बालकांसाठी राज्याने प्रयत्न करावा एवढेच अनुच्छेद ४५ सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलमही शासनास पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा देते, बंधन घालीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून मानली. मग त्या पायाच्या पहिल्या तीन वर्षांस कायद्याचे बळ का नसावे? धोरण म्हणजे इच्छा. हक्क म्हणजे न्यायालयात मागता येणारी वस्तू. वकिली करणाऱ्यास हा भेद समजावून सांगावा लागत नाही, आणि मजूर मातेस तो रोज अनुभवास येतो.

म्हणून सुस्थित आईबापांस आमचे सांगणे असे की, मुलाची शाळा घरातच, घरच्या कामातच आहे, ती विकत आणू नका. आणि विधिमंडळात बसणाऱ्यांस सांगणे असे की, ज्या मातेपाशी घरची शाळा चालविण्यास वेळ व अन्न नाही, तिच्या मुलाची शाळा तिच्या दाराशी नेणे हे औदार्य नसून ऋण आहे, आणि ते कायद्याच्या कलमात लिहून फेडावे.